इटालियन वाचता येते, बोलता येते, पण ऐकून कळत नाही: दूरचित्रवाणी, रेडिओ आणि पॉडकास्ट यांच्या मदतीने कान कसा तयार करावा?

प्रश्न (फोंडा, पर्यटक मार्गदर्शक)

सप्रेम नमस्कार. मी गेली नऊ वर्षे जुने गोवे येथे पर्यटकांना इगर्जी आणि संग्रहालये दाखवण्याचे काम करतो. इटलीहून येणाऱ्या भाविकांचे गट सांभाळता यावेत म्हणून चार वर्षांपूर्वी मी इटालियन शिकू लागलो. बॉम जेझस बासिलिकातील सेंट फ्रान्सिस झेवियर यांची संगमरवरी समाधी ही तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याची देणगी असून ती फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवली आणि १६९८ मध्ये येथे उभारली गेली, हे फ्लोरेन्सहून आलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत सांगताना मला मनापासून समाधान वाटते.

अडचण येते ती माझे सांगून झाल्यावर. समोरून प्रश्न आला की त्यातले दोन-तीन शब्द हाती लागतात आणि बाकीचे वाहून जाते. गेल्या हिवाळ्यात संग्रहालयाच्या दारात मी एका वृद्ध बाईंना तिकिटाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी हसून 'चेलो' असे उत्तर दिले. हा शब्द मला कुठेच सापडेना. सापडले ते चेलो नावाचे वाद्य. त्यांना 'माझ्याकडे आहे' एवढेच म्हणायचे होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. व्याकरणाच्या पुस्तकात हा प्रयोग मी शिकलो होतो, म्हणून अधिकच वाईट वाटले.

रोज तासभर इटालियन रेडिओ लावून ठेवतो, मालिकाही पाहतो, परंतु आठ महिन्यांत फारसा फरक जाणवत नाही. नेमके काय ऐकावे आणि कसे ऐकावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ (पणजी, निवृत्त भाषाशिक्षिका)

आपला 'चेलो'चा प्रसंग मी दोनदा वाचला, कारण आपल्या अडचणीचे मूळ त्यातच आहे. लिहिताना तेथे 'चे', 'ल' आणि 'ओ' असे तीन घटक असतात. बोलताना त्यांचा एकच शब्द होतो. 'मी त्याला ते सांगितले' हे इटालियन माणूस 'ल्येलो देत्तो' असे एका श्वासात म्हणतो. प्रत्येक घटक आपल्या ओळखीचा असतो, फक्त त्यांच्यामधल्या सीमा पुसलेल्या असतात. त्यामुळे आणखी शब्द पाठ करून हा प्रश्न सुटणार नाही, आणि इतर कामे करताना रेडिओ चालू ठेवून तर मुळीच सुटणार नाही. माझ्या मते यावर शाळेतले जुने श्रुतलेखन हाच खरा उपाय आहे.

ज्याचा लिखित मजकूर उपलब्ध आहे असा एक-दीड मिनिटाचा तुकडा घ्यावा. पहिल्यांदा हातात लेखणी न घेता नुसता ऐकावा. नंतर वाक्यागणिक थांबवत, ऐकू येईल तसे लिहून काढावे आणि जेथे अर्थ लागत नाही तेथे तो ध्वनी देवनागरीत जसाच्या तसा उतरवावा. तीन-चार वेळा ऐकूनही जे सुटले, ते शेवटी मूळ मजकुराशी ताडून पाहावे. आपल्या चुका बहुधा मोठ्या शब्दांत नसून 'ने', 'ची', 'ल्यि' यांसारख्या चिमुकल्या शब्दांत असतील, आणि त्या एकदा डोळ्यांसमोर आल्या की पुढच्या वेळी कान त्यांची वाट पाहतो. संगीताच्या तालमीत गुरू एकच जागा दहा वेळा गाऊन दाखवतात, ते याच कारणासाठी.

देवनागरीचा आग्रह मी विचारपूर्वक धरते. इटालियनमध्ये 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. हा फरक ऐकण्यास इंग्रजी कानाला फार कष्ट पडतात, परंतु ज्यांच्या भाषेत मका आणि मक्का, रसा आणि रस्सा वेगळे आहेत, त्या आपल्याला तो सहज ऐकू यायला हवा. तेथील 'त' आणि 'द' हे आपल्यासारखे दंत्य आहेत. 'पित्सा'मधला ध्वनी आपल्या 'चूल'मधल्या च-चा आहे, 'चाओ'मधला 'चहा'मधल्या च-चा, आणि इटालियन शून्याच्या आरंभी येणारा ध्वनी 'जहाज'मधल्या ज-चा. रोमन लिपीत लिहिताना हे सारे नकळत इंग्रजी उच्चाराकडे ओढले जाते.

येथे थोडे विषयांतर करते, पण ते गोव्याचेच आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी १५८८ मध्ये गोव्यात वारला. त्याने १५८० च्या दशकात हिंदुस्थानातून मायदेशी धाडलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांतील साम्य नोंदवले होते: देव, सर्प, सात, आठ, नऊ. त्यातल्या साताचा प्रवास तर दोन्हीकडे सारखाच झाला. सप्तचे प्राकृतात सत्त झाले, लॅटिन 'सेप्तेम'चे इटालियनमध्ये 'सेत्ते' झाले. हे ध्यानात ठेवल्यापासून इटालियनमधली जोडाक्षरे मला परकी वाटेनाशी झाली.

आता काय ऐकावे. आपल्या व्यवसायासाठी रविवारच्या आंजेलुस प्रार्थनेपूर्वी पोप जे छोटेसे निवेदन करतात, त्याहून सोयीचे साधन मला सुचत नाही. ते रोमच्या दुपारी बारा वाजता इटालियनमध्ये होते, त्याचा मजकूर व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आणि संत, वेदी, अवशेष, यात्रा हे आपले नित्याचे शब्द त्यात वारंवार येतात. गुल्येल्मो मार्कोनीने उभारलेला आणि १९३१ मध्ये सुरू झालेला व्हॅटिकन रेडिओ आजही इटालियनमध्ये ऐकता येतो. कथा ऐकायची असेल तर 'लीबेर लीबेर' या संकेतस्थळावर पिनोक्कियोसारख्या जुन्या पुस्तकांचा मजकूर आणि ध्वनिमुद्रण दोन्ही विनामूल्य मिळतात.

उत्तर २ (वास्को, माजी तारवटी)

बाईंनी सांगितलेल्या श्रुतलेखनाशी मी सहमत आहे, परंतु तेवढ्यावर थांबल्यास आपली पुन्हा निराशा होईल अशी मला भीती वाटते. मी अकरा वर्षे एका इटालियन क्रूझ जहाजाच्या भटारखान्यात काम केले. पोपचे निवेदन असो की दूरचित्रवाणीच्या बातम्या, ती लिहून वाचलेली भाषा असते. आपल्या गटातल्या बाई ती भाषा बोलत नाहीत. त्या मध्येच थांबतात, वाक्य अर्धवट सोडतात, आणि 'अल्लोरा', 'चोए', 'इन्सोम्मा' अशा शब्दांनी ते पुन्हा जोडतात. हे भरीचे शब्द ओळखून बाजूला सारता आले, तरच उरलेल्या वाक्याकडे लक्ष राहते. 'मगारी' हा शब्द मात्र बाजूला सारू नये; तो कधी 'कदाचित' असतो, तर कधी 'तसे झाले तर किती बरे!' असतो, आणि कोणता ते स्वरावरूनच कळते.

यासाठी राय या इटलीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओ ३ वरील 'प्रीमा पाजिना' हा सकाळचा कार्यक्रम मी सुचवीन. त्यात एखादा पत्रकार त्या दिवशीची वृत्तपत्रे वाचून दाखवतो आणि त्यानंतर श्रोत्यांचे दूरध्वनी घेतो. पहिला भाग समजणे तुलनेने सोपे आहे. खरा अभ्यास दुसऱ्या भागाचा, कारण तेथे देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून सामान्य माणसे आपापल्या वळणाने बोलतात, आणि विषय काय चालला आहे हे आपल्याला पहिल्या भागामुळे आधीच ठाऊक असते.

वळणे खरोखरच निरनिराळी आहेत. फ्लोरेन्सकडचा माणूस 'ला कासा' (घर) ऐवजी 'ला हासा' असे म्हणतो; रोमकर 'आंद्यामो'चे (चला, जाऊ या) 'अन्नामो' करतो; उत्तरेकडे जोडव्यंजने सैल होतात, आणि नेपल्सच्या बोलीत शब्दाचा शेवटचा स्वर जवळजवळ विरून जातो. आमचा मुख्य आचारी नेपल्सचा होता आणि पहिले दोन महिने मी त्याच्या हातांकडे पाहूनच कामे उरकली. इटलीच्या एकीकरणाच्या वेळी, १८६१ मध्ये, जेमतेम अडीच टक्के लोक इटालियन बोलू शकत होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लियो दे मावरो यांचा अंदाज होता. बाकीच्यांच्या घरात आपापली बोली होती. १९५४ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणीने प्रमाणभाषा घरोघर नेली, तरी त्या बोलींचा ठसा उच्चारावर राहिलाच. म्हणून गट येण्यापूर्वी तो कोणत्या प्रांतातला आहे हे सहल आयोजकांना विचारून घ्यावे आणि तिकडच्या लोकांच्या मुलाखती आठवडाभर ऐकाव्यात. मला जहाजावर याचा सर्वांत अधिक उपयोग झाला.

उत्तर ३ (डिचोली, विद्यार्थिनी)

मी केवळ व्यावहारिक गोष्टी सांगते. रायची रेडिओ केंद्रे आणि पॉडकास्ट 'रायप्ले साउंड'वर गोव्यातून ऐकता येतात. 'रायप्ले'वरील दूरचित्रवाणीचे काही कार्यक्रम मात्र प्रसारण हक्कांमुळे इटलीबाहेर उघडत नाहीत, त्यामुळे एखादी मालिका दिसली नाही तर आपल्या यंत्रात बिघाड शोधत बसू नये. लुगानो येथील स्विस इटालियन वाहिनीचे कार्यक्रमही ऐकण्याजोगे आहेत.

इटलीचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. रायच्या पहिल्या वाहिनीवरील दुपारी दीड वाजताच्या 'तेजे ऊनो' या बातम्या त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्यात सायंकाळी सहाला आणि उन्हाळ्यात पाचला लागतात. त्यांतल्या मथळ्यांपुरते ऐकून त्याच दिवशीचे एखादे इटालियन वृत्तपत्र वाचले की बरेच काही उलगडते.

उपशीर्षके इटालियनच ठेवावीत आणि तीही दुसऱ्यांदा पाहताना. ती बोललेल्या शब्दांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण वाचायला वेळ मिळावा म्हणून वाक्ये आखूड केलेली असतात. म्हणून श्रुतलेखन तपासण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. अगदी सावकाश बोललेले काही पाहायचे असेल, तर आल्बेर्तो मान्झी या शिक्षकांचे १९६० ते १९६८ या काळातले साक्षरतेचे पाठ शोधावेत. शाळेत जाऊ न शकलेल्या प्रौढांना ते दूरचित्रवाणीवरून फळ्यावर चित्रे काढत वाचायला शिकवीत. त्यांतला आदर पाहून मला गहिवरून आले होते.

प्रश्नकर्ता, सात आठवड्यांनंतर

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. पार्श्वभूमीला रेडिओ लावणे मी पूर्ण थांबवले आणि रोज वीस मिनिटे केवळ श्रुतलेखनाला दिली. पहिल्या आठवड्यातल्या वहीत बाईंनी भाकीत केलेल्याच चुका निघाल्या. दीड मिनिटाच्या मजकुरात माझे एकोणीस शब्द सुटले होते आणि त्यांतले चौदा दोन-तीन अक्षरांचे होते. परवाच्या तुकड्यात सहा सुटले. 'प्रीमा पाजिना'तले श्रोते अजून अर्धेच कळतात, तरी बोलणारा चिडला आहे की दुःखी आहे हे आता ओळखू येते.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. बासिलिकात गर्दी असते, आवाज घुमतो, आणि तेथे विचारलेला प्रश्न मला अजूनही निसटतो. पुन्हा सांगा म्हटले की समोरचा माणूस तेच सारे वाक्य अधिक मोठ्याने आणि तितक्याच वेगाने म्हणतो.

उत्तर (वास्को, माजी तारवटी)

भटारखान्यातल्या गोंगाटात माझे अगदी हेच होत असे. पूर्ण वाक्य पुन्हा मागू नये. जेवढे कळले तेवढे आपणच इटालियनमध्ये म्हणून दाखवावे आणि जो दुवा निसटला तेवढाच विचारावा: समाधीविषयी कळले असेल, पण काळ निसटला असेल, तर 'ला तोंबा... क्वांदो?' एवढे पुरे. समोरचा माणूस मग फक्त तोच शब्द सावकाश सांगतो. हे शांतपणे विचारावे आणि त्याच्या तोंडाकडे पाहत ऐकावे, कारण घुमणाऱ्या जागेत ओठांची हालचालही बरेच सांगून जाते.