'क्षार कमी झाले' म्हणजे नेमकं काय कमी झालं?

प्रश्न
आमच्या धावण्याच्या गटात कुणाला गरगरलं की 'क्षार कमी झाले, पाणी पाज' हे ठरलेलं. डॉक्टर म्हणतात 'सोडियम उतरलं', पाकिटावर छापलेलं असतं 'इलेक्ट्रोलाइट'. तिन्ही एकच का? आणि यात संप्रेरकांचंही (हॉर्मोन्सचं) नाव घेतात, ती कुठून आली?

प्रतिसाद 1
शाळेत आपण आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकलो, त्यातला क्षार म्हणजे मिठाच्या जातीचं संयुग. हिंदीत मात्र क्षार म्हणजे अल्कली, आणि मिठाच्या जातीला लवण. हिंदीवरून उतरवलेले आरोग्यलेख वाचताना हे ध्यानात असू द्या. घामाबद्दल बोलताना क्षार म्हणजे विरघळलेले सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम वगैरे, अर्थात इलेक्ट्रोलाइटच. खनिज हा शब्द अधिक व्यापक आहे. लोह आणि जस्त ही खनिजं, पण त्यांना बोलताना कुणी क्षार म्हणत नाही.

प्रतिसाद 2
मला खटकतं ते 'कमी झाले'. रक्तात सोडियम 135 ते 145 मिलिमोल प्रति लीटर असतं. हे प्रमाण आहे, साठा नव्हे. मीठ गेलं तरी ते घटतं आणि पाणी वाढलं तरी घटतं. लांब पल्ल्याच्या धावण्यात बहुतेक वेळा दुसरं घडतं. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर 13 टक्के लोकांचं सोडियम 135 किंवा त्याखाली होतं. आणि धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना हा धोका जास्त होता! वजन वाढलं ते प्यायलेल्या पाण्याने.

इथे संप्रेरक येतं. खूप वेळ श्रम झाले, मळमळ किंवा वेदना असली, की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन सुटतं आणि मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. वरून पाणी ओतत राहिलं तर ते लघवीवाटे निघत नाही, रक्त पातळ होतं. अशा माणसाला 'क्षार कमी झाले' म्हणत आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं.

प्रतिसाद 3
अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरकही हवंच. ते मूत्रपिंडात आणि घामाच्या ग्रंथींत सोडियम परत खेचतं. म्हणून उन्हात सराव झालेल्याचा घाम कमी खारट असतो.

प्रश्नकर्ता
मग खेळाडूंची पेयं चालतील ना?

प्रतिसाद 2
त्यांत सोडियम साधारण 20 मिलिमोल प्रति लीटर, रक्तात 140च्या आसपास. प्रमाणाबाहेर प्यायली तर तीही रक्त पातळच करतात. तहानेपुरतं प्या. शर्यतीनंतर डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, बोलणं असंबद्ध आहे, बोटातली अंगठी घट्ट झाली आहे, असं दिसलं तर पाणी थांबवा आणि थेट रुग्णालय गाठा. सोडियम तपासून तिथे तीव्र, म्हणजे जास्त मिठाचं, सलाइन देतात. डॉक्टरांना 'चक्कर आली' हे सांगण्याआधी किती पाणी प्यायला ते सांगा.