बोनेर बेटावर आठवडाभर डायव्हिंग: खर्चाची आणि दिवसांची आखणी कशी करावी?

एडिसनवासी (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक आठवडा सुट्टी काढून कॅरिबियनमधील बोनेर बेटावर डायव्हिंगसाठी जाण्याचा आमचा विचार आहे. माझ्याकडे ओपन वॉटर हे डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र असून आजवर 22 डाइव्ह झाल्या आहेत. पत्नी उत्तम पोहते, परंतु तिचे प्रशिक्षण अद्याप व्हायचे आहे. आम्हा दोघांकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड आहे.

इंटरनेटवर हॉटेलांची वर्णने पुष्कळ सापडतात, परंतु पैसे नेमके कुठे जातात, कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे मुळीच घेऊ नये, हे अनुभवी माणसाकडूनच कळते. पॅकेज आधी घ्यावे की तेथे पोहोचल्यावर, उपकरणे विकत घ्यावीत की भाड्याने, आणि सात दिवसांची विभागणी कशी करावी, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास फार उपकार होतील.

निळाई_ह्यूस्टन

मी बोनेरला तीनदा जाऊन आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी ठरलेले खर्च पाहू. बेटावर 2011 पासून अमेरिकी डॉलर हेच चलन आहे, म्हणून तुम्हाला चलन बदलावे लागणार नाही. बाहेरून येणाऱ्या प्रौढ व्यक्तीला 75 डॉलर प्रवेशकर लागतो. त्याखेरीज सागरी उद्यानाची देखभाल करणारी स्टिनापा ही संस्था पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून कॅलेंडर वर्षासाठी 40 डॉलर निसर्गशुल्क घेते. म्हणजे दोघांचे मिळून 230 डॉलर आधीच बाजूला काढा. दोन्ही रकमा निघण्यापूर्वी ऑनलाइन भरता येतात. पावत्या मोबाइलवर आणि कागदावर अशा दोन्ही रूपांत जवळ ठेवा. हे उद्यान 1979 मध्ये स्थापन झाले आणि बेटाभोवतीचा 60 मीटर खोलीपर्यंतचा समुद्र त्यात येतो. तेथील प्रवाळ आजही पाहण्यासारखे राहिले आहेत ते या शिस्तीमुळे, तेव्हा हे 40 डॉलर मी अगदी आनंदाने भरतो.

आता बोनेरचे वेगळेपण सांगतो, कारण सगळे आर्थिक गणित त्यावर उभे आहे. इतर अनेक बेटांवर प्रत्येक डाइव्हसाठी बोट घ्यावी लागते आणि दर खेपेला पैसे मोजावे लागतात. बोनेरच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र प्रवाळभित्ती किनाऱ्यापासून काही मिनिटे पोहण्याच्या अंतरावर आहे. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड दिसतात आणि प्रत्येकावर त्या जागेचे नाव लिहिलेले असते. दगडापाशी पिकअप उभी करायची, मागच्या फळीवर सिलिंडर टेकवून पट्टे आवळायचे आणि प्रवाळाच्या पांढऱ्या तुकड्यांवरून जपून पावले टाकत पाण्यात शिरायचे. म्हणून पिकअप आणि अमर्याद सिलिंडर असे एकत्र पॅकेज घेणे सर्वांत किफायतशीर ठरते. दिवसाला तीन डाइव्ह केल्या, तर एका डाइव्हचा खर्च बोटीच्या मानाने फारच कमी येतो. बोट फक्त क्लाइन बोनेर या समोरच्या छोट्या निर्जन बेटासाठी घ्या. आठवड्यात दोन खेपा पुरेशा आहेत.

पॅकेज आधीच ठरवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गर्दी कमी असते आणि खोल्यांचे दरही डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतच्या हंगामापेक्षा उतरलेले असतात, परंतु चांगल्या स्थितीतील पिकअप मात्र लवकर संपतात. या महिन्यांत वारा मंद आणि पाणी सर्वांत उबदार असते. चक्रीवादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत असला, तरी बोनेर सुमारे 12 अंश उत्तर अक्षांशावर, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. तरीही 1999 चे लेनी आणि 2008 चे ओमार या वादळांच्या लाटांनी तेथील उथळ प्रवाळांचे मोठे नुकसान केले होते, तेव्हा रद्द करता येईल असेच आरक्षण करा.

ज्या ठिकाणी हात आखडता घेऊ नये, ते ठिकाण म्हणजे विमा. सर्वसाधारण प्रवासविम्यात डायव्हिंग वगळलेले असते किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. ते कलम शब्दन् शब्द वाचा. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचा डायव्हिंग-अपघात विमा स्वतंत्रपणे घ्या. बेटावरच्या रुग्णालयात दाबकक्षाची (डायव्हिंगमुळे होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचार करण्याच्या बंद कक्षाची) सोय आहे, परंतु त्या उपचाराचा आणि वेळ पडल्यास विमानाने हलवण्याचा खर्च कोणत्याही कुटुंबाला पेलणारा नसतो.

उपकरणांबाबत माझे मत असे आहे की मास्क, जाड तळव्याचे बूट, त्यांवर बसणारे फिन्स (पोहण्याचे पंखे) आणि खोली व वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर या वस्तू स्वतःच्या असाव्यात. रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा तोंडाशी आणणारे साधन) आणि बीसीडी (पाण्यात तरंगणे सांभाळणारे हवेचे जाकीट) खुशाल भाड्याने घ्यावेत. बुटांचा मुद्दा मी मुद्दाम सांगतो. खडक धारदार असतात, फटींत समुद्री साळू असतात आणि पाठीवर सिलिंडरचे ओझे असताना तोल गेला, तर पातळ तळव्याचा बूट काहीच उपयोगाचा नसतो. पहिल्या खेपेस मी पातळ बूट नेले होते. दुसऱ्याच दिवशी टाचेला खोल कापले आणि दीड दिवस मला किनाऱ्यावर बसून काढावा लागला.

पुणेरी_पाणबुडा

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी वहिनींच्या प्रशिक्षणाविषयी लिहितो, कारण आठवड्याचा सर्वांत मोठा भाग वाचण्याची किंवा वाया जाण्याची शक्यता तेथेच आहे.

संपूर्ण अभ्यासक्रम बोनेरला केला, तर सुट्टीचे पहिले तीन-चार दिवस वर्गात आणि तलावासारख्या उथळ पाण्यात जातील. त्याऐवजी पुस्तकी भाग आणि पोहण्याच्या तलावातील सराव न्यू जर्सीतच पूर्ण करावा आणि समुद्रातील चार डाइव्ह बोनेरला कराव्यात. याला रेफरल म्हणतात. मात्र तेथील प्रशिक्षण संस्था तुमच्या संस्थेचे रेफरल स्वीकारते का, हे लेखी विचारून घ्या. माझे स्वतःचे पाण्याखालचे पहिले धडे तारकर्लीला झाले. तेथे उमजले की मास्कमध्ये शिरलेले पाणी शांतपणे बाहेर काढणे ज्याला घरच्या तलावात जमले, त्यालाच समुद्रात आजूबाजूला पाहण्याची उसंत मिळते.

दुसरी गोष्ट वैद्यकीय प्रश्नावलीची. तीत दमा, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाब अशांविषयी प्रश्न असतात आणि काही उत्तरे ‘होय’ आली की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरू दिले जात नाही. माझ्या एका मित्राने लहानपणीच्या दम्याबद्दल प्रामाणिकपणे लिहिले आणि बेटावर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्याचे दोन दिवस गेले. प्रामाणिकपणे लिहिणे योग्यच आहे. फक्त ते निघण्यापूर्वी महिनाभर आधी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर लिहावे.

एडिसनवासी दादा, तुमच्या प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर आहे. हिल्मा हूकर हे 1984 मध्ये बुडालेले मालवाहू जहाज पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो, परंतु ते सुमारे 30 मीटर खोलीवर आडवे पडले आहे. ते पाहायचे असेल, तर अॅडव्हान्स्ड या पुढच्या टप्प्याच्या अभ्यासक्रमाचे पैसे धरा, नाहीतर ते पुढच्या खेपेसाठी ठेवा.

अॅमस्टेलवीनची_सई

मी नेदरलँड्समध्ये राहते आणि आम्ही बोनेरला दोनदा गेलो आहोत. व्हिसाबाबत एक खुलासा करते. बोनेर 2010 पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका असली, तरी ती शेंगेन क्षेत्रात मोडत नाही आणि तेथील व्हिसा वेगळा असतो. अमेरिकेचा वैध रहिवास परवाना असलेल्यांना अल्प मुक्कामासाठी तो लागत नाही, म्हणून तुमचे ग्रीन कार्ड कामी येईल. तरीही तिकीट काढण्यापूर्वी डच सरकारच्या संकेतस्थळावर नियम वाचून त्या पानाची प्रत जवळ ठेवा, कारण विमानतळावरच्या काउंटरवर प्रत्येकाला हा फरक माहीत असतोच असे नाही.

घरखर्चाच्या दृष्टीने स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. जवळजवळ सर्व धान्य आणि भाजीपाला बाहेरून येतो, त्यामुळे उपाहारगृहात रोज दोन वेळा जेवल्यास खिशाला चांगलाच चटका बसतो. आम्ही पोहे, मेतकूट, भाजणी आणि मुगाची डाळ बरोबर नेली होती. पहाटेच्या डाइव्हनंतर ओल्या केसांनी खाल्लेले गरम पोहे मला अजून आठवतात. नळाचे पाणी समुद्राच्या पाण्यापासून शुद्ध केलेले आणि पिण्यास उत्तम आहे, म्हणून बाटलीबंद पाण्यावर एक डॉलरही खर्च करू नका. सनस्क्रीन मात्र घरूनच पाहून न्या, कारण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर तेथे 2021 पासून बंदी आहे. त्याहून चांगले म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा.

गाडीविषयी कळकळीने सांगते. डाइव्हला जाताना पिकअपमध्ये काहीही ठेवू नका आणि काचा खाली ठेवा, म्हणजे काच फोडण्याचे कारणच उरणार नाही. आमच्या गाडीतून माझ्या पतीचा नंबरचा चष्मा आणि औषधांची पिशवी गेली. पैशांपेक्षा त्या चष्म्यावाचून काढलेले चार दिवस आम्हाला जड गेले. भाड्याची गाडी घेताना रिमोटऐवजी साधी धातूची किल्ली मागा, ती बीसीडीला अडकवून पाण्यात नेता येते. क्रेडिट कार्डाचा गाडीविमा पिकअपला लागू आहे का, हेही विचारा. अनेक कार्डांत ती वगळलेली असते. बऱ्याच गाड्या हाताने गिअर टाकण्याच्या असतात. उत्तरेकडचा किनारी रस्ता 1000 स्टेप्स या जागेच्या पुढे एकदिशा होतो, त्यामुळे एखादा पिवळा दगड मागे राहिला, तर रिंकोन गावावरून पूर्ण वळसा घालावा लागतो. निघण्यापूर्वी नकाशावर जागांचा क्रम लावून ठेवा.

एडिसनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेफरलची आणि किल्लीची गोष्ट आमच्या ध्यानातही आली नसती. आम्ही नेवार्कहून शनिवारी जाऊन पुढच्या शनिवारी दुपारी परतण्याचा विचार करीत आहोत. असे असल्यास दिवसांची मांडणी कशी करावी?

निळाई_ह्यूस्टन

मांडणी शेवटाकडून सुरू करा. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास पाण्याबाहेर राहावे, असे डॅन सांगते; मी स्वतः 24 तास पाळतो. म्हणजे तुमची शेवटची डाइव्ह शुक्रवारी सकाळी. याचा एक फायदा असा की उपकरणे धुऊन पूर्ण वाळवता येतात. ओला सूट आणि ओली बीसीडी यांचे वजन इतके वाढते की बॅगेसाठी जादा पैसे मोजावे लागू शकतात.

आता सुरुवात. शनिवारी फक्त सामान आणि शांत झोप. रविवारी उद्यानाच्या नियमांची माहिती आणि अंगावर किती वजने बांधावीत हे तपासण्याची पहिली डाइव्ह. ती प्रत्येक डायव्हरला बंधनकारक आहे. हातमोजे घालण्यास मनाई आहे आणि कशालाही स्पर्श करायचा नाही. 2023 पासून तेथील प्रवाळांवर ऊती झडण्याचा एक गंभीर रोग पसरला आहे, म्हणून सामान स्वच्छ करण्याच्या आणि बंद ठेवलेल्या जागांच्या सूचना अगदी काटेकोरपणे पाळा. रविवार आणि सोमवारी वहिनींच्या चार डाइव्ह आटोपतील. मंगळवारपासून गुरुवारपर्यंत दोघांनी मिळून किनारा पालथा घाला. सॉल्ट पिअर हा मीठ जहाजांत भरण्याचा धक्का अवश्य पाहा, मात्र धक्क्याला जहाज लागलेले असेल त्या दिवशी तेथे उतरता येत नाही, म्हणून तो दिवस लवचिक ठेवा.

तारखेबद्दल एक शेवटची सूचना. शक्य असल्यास कोजागरीनंतर लगेच येणारा आठवडा निवडा. पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवस चंद्र उशिरा उगवतो आणि सूर्यास्तानंतर काही काळ गडद अंधार मिळतो. त्या अंधारात ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे जीव निळसर प्रकाशाचे ठिपके सोडत वर सरकतात आणि पाण्यात माळा लटकल्यासारखे दिसते. सूर्यास्तानंतर सुमारे पाऊण तासाने, मऊ प्रवाळ असलेल्या उथळ जागी, टॉर्च विझवून स्थिर राहायचे. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. फक्त आठवडा योग्य निवडावा लागतो.

एडिसनवासी

पत्नीने लगेच दिनदर्शिका उघडली. कोजागरीनंतरचे ते दिवस सुट्टीत येतील अशा शनिवारची तिकिटे आज रात्रीच पाहतो आणि तलावातील प्रशिक्षणासाठी उद्या फोन करतो.