घाटाच्या पायऱ्यांवर लाइटचे स्टँड सेफ कसे उभे करायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहते, नोकरी सांभाळून शॉर्टफिल्म शूट करते. टीम सहा-सात जणांची, सगळे मित्रमैत्रिणी, लाइटमधला अनुभवी माणूस कुणीच नाही. पुढच्या महिन्यात वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर दोन दिवस शूट आहे आणि त्याआधी मला स्टँडचं सगळं नीट समजून घ्यायचंय, कारण गेल्या शूटला जे झालं ते परत होऊ द्यायचं नाहीये.

झालं असं की असाच एक नदीकाठ, संध्याकाळचा सीन. एलईडी लाइट, त्याला ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), मिळून सहा-सात किलो तरी असेल, आणि खाली फोटोग्राफीवाले वापरतात तो अॅल्युमिनियमचा हलका स्टँड, भाड्याने आणलेला. दोन पाय वरच्या पायरीवर आणि तिसरा खालच्या पायरीवर विटा रचून त्यावर टेकवलेला (आता लिहितानाही कसंतरी होतंय). सँडबॅग एकच होती, ती पायाला चिकटून जमिनीवर ठेवलेली. वारा काही फार नव्हता, ओढणी उडेल इतपत, पण सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगला, प्लास्टिकच्या नॉबचा कट्ट असा आवाज आला, वरचा पाइप वीतभर खाली घसरला आणि त्या हिसक्याने अख्खा स्टँड पुढे कलंडला. खाली दोन पायऱ्या सोडून आमची अकरा वर्षांची बालकलाकार बसली होती. साउंडवाल्या मित्राने हातातला बूम (माइकची लांब काठी) टाकून स्टँड धरला, त्याचा तळहात सोलून निघाला. मुलीला काही झालं नाही. तिची आई मला एका शब्दानेही बोलली नाही, नुसती मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

तर विचारायचं हे की सी-स्टँड घ्यावेत की कॉम्बो (जड लाइटसाठीचा दणकट स्टँड), का दोन्ही? पायऱ्यांवर तीन पाय समान टेकतच नाहीत तर करायचं काय? आणि आम्हाला दुपारी ४ बाय ४ फुटांची सिल्कची फ्रेम (ऊन मऊ करणारं ताणलेलं कापड) लावायची आहे, तिला किती सँडबॅग पुरतील? सगळं भाड्यानेच आणणार आहोत, दोन गोष्टी जास्तीच्या आणाव्या लागल्या तरी चालेल.

प्रतिसाद १

ताई, मी बावीस वर्षं लाइटमध्ये काढली, आधी लाइटमन आणि मग गॅफर, म्हणजे लाइटवाल्यांचा प्रमुख. गोरेगावला स्टुडिओत तराफ्यावर (वर टांगलेल्या फळ्यांवर) चढून लाइट बांधलेत आणि उघड्यावरही भरपूर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्टँडचं. सी-स्टँड, ज्याला आपल्याकडे कटर स्टँड म्हणतात, तो मुळात कटर (उजेड अडवणारं काळं कापड), नेट (उजेड कमी करणारी जाळी), थर्माकोल धरायला आहे. छोटा लाइट त्यावर चालतो, पण तो थेट वरच्या पिनवर (लाइट बसवायच्या खुंटावर) लावायचा, आडव्या आर्मवर टांगायचा नाही. सहा-सात किलो आणि वर सॉफ्टबॉक्स म्हटल्यावर माझ्या मते कॉम्बोच घ्या. पिनचं माप दुकानातच बघून घ्या, बेबी पिन १६ मिलिमीटरची आणि ज्युनियर २८ ची. लाइट एका मापाचा आणि स्टँड दुसऱ्या मापाचा निघाला की लोक चिकटपट्टी गुंडाळून काम भागवतात, ते अजिबात करायचं नाही, अॅडॉप्टर मागून घ्यायचा. तिथेच प्रत्येक नॉब आवळून वरून दाबून बघा, पाइप सरकला तर तो स्टँड परत द्या.

पायऱ्यांसाठी लेव्हलिंग लेगवाला स्टँड मागा, सी-स्टँडमध्ये पण मिळतो आणि कॉम्बोत पण. त्याचा एक पाय दांड्यावर वर सरकतो, म्हणजे दोन पाय खालच्या पायरीवर, सरकणारा पाय वरच्या पायरीवर आणि मधला दांडा ओळंब्यात सरळ. विटा नकोतच.

सी-स्टँडचा सगळ्यात उंच पाय आर्म ज्या दिशेला आहे त्या दिशेला ठेवा आणि सँडबॅग त्याच पायावर अशी टाका की ती जमिनीला टेकणार नाही. टेकली की वजन जमिनीने घेतलं, स्टँडला काय मिळालं? तुमची बॅग नेमकी तशीच वाया गेली होती. आणि आर्मचा नॉब तुम्ही मागे उभं राहिलात की उजव्या हाताला यायला हवा, म्हणजे आर्म वजनाने खाली जायला लागला तर नॉब आपोआप आवळला जातो. उलटा लावला तर वजनच तो सैल करतं.

आता फ्रेम. ४ बाय ४ म्हणजे १६ चौरस फूट कापड. ताशी ३० किलोमीटरचा वारा त्यावर साधारण सात-आठ किलोचा जोर टाकतो, तोही आठ फूट उंचीवर, आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. एका स्टँडवर दहा-दहा किलोच्या दोन बॅगा टाकूनसुद्धा तो उभा राहत नाही. दोन बाजूंना दोन स्टँड लावा, वरून दोर ताणा, दोन माणसं फ्रेमपाशीच राहू द्या, त्यांना दुसरं काम द्यायचं नाही. झुळूक वाढली की फ्रेम लगेच खाली, शॉट गेला तरी चालेल.

केबल दांड्याला एक वेढा देऊन सरळ खाली सोडा आणि पायाशी थोडी सैल ठेवा, कुणाचा पाय अडकला तरी ओढ स्टँडवर यायला नको. नदीकाठ आहे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लाइनला हवाच. आणि स्टँडच्या उंचीएवढ्या अंतरात, त्यातून उताराच्या बाजूला, मुलांना बसवू नका.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार, प्रिंट काढून टीमला देतेय. नॉब उजव्या हाताला हे तर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एकच अडचण राहिली, घाट जुना आहे, दगडात खुंटी किंवा खिळा ठोकायचा प्रश्नच नाही, मग दोर बांधायचा कशाला?

प्रतिसाद १

बरोबर, ठोकायचं काही नाही. २० लिटरचे पाण्याचे कॅन गच्च भरून घ्या, एकेक वीस किलोचा होतो. प्रत्येक दोराला दोन कॅन एकत्र बांधा, वारा ज्या बाजूने येतो तिकडे जास्त, आणि दोर जितका तिरका लांब जाईल तितका बरा. दोराला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, संध्याकाळी दिसत नाही आणि माणसं अडखळतात. शूटच्या आदल्या दिवशी चार वाजता घाटावर जाऊन वारा कुठून येतो ते बघून या.