वर्गणी थांबली, तर जुने अंक कोणाचे?

ग्रंथपाल, फोंडा
आमच्या महाविद्यालयाने एका संशोधन-नियतकालिकाचा छापील अंक बंद करून सहा वर्षे त्याची डिजिटल वर्गणी भरली. यंदा ती थांबवताच, ज्या वर्षांचे पैसे आम्ही मोजले होते त्या वर्षांचे लेखही उघडेनासे झाले. त्याआधीचे बांधीव खंड मात्र, दर पावसाळ्यात पुठ्ठ्यांना बुरशी धरली तरी, दाखल क्रमांकासह कपाटात उभे आहेत. जतनही प्रकाशकाच्याच हाती गेले असेल, तर ग्रंथालयाकडे उरले काय?

निवृत्त ग्रंथपाल, मडगाव
मॅडम, आधी करार काढून पाहा. छापील अंक विकला की प्रकाशकाचा त्या प्रतीवरचा ताबा संपत असे. आता तो प्रत विकत नाही, वाचण्याची मुभा भाड्याने देतो, आणि भरलेल्या वर्षांचे लेख कायम वाचता येतील असे कलम नसेल तर भांडायला जागाच राहत नाही. ग्रंथालयांनी मिळून प्रती जपाव्यात म्हणून स्टॅनफर्डमध्ये १९९९ साली ‘लॉक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. पुढे डिजिटल नियतकालिके जपून ठेवणारी ‘पोर्टिको’ ही सेवा आली, पण तिथले लेख मुख्यतः प्रकाशकाने गाशा गुंडाळला तरच खुले होतात. तुमचा प्रकाशक तर ठणठणीत आहे.

संशोधक, ताळगाव
केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत आपले महाविद्यालय बसते का, हेही विचारा. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना त्यातून मिळतात. सोय मोठी आहे; पण घासाघीस गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालये जोडणाऱ्या सरकारी केंद्रामार्फत होते आणि कोणते नियतकालिक घ्यायचे, हा ग्रंथपालाचा जुना अधिकार आपसूक आकसतो. शिवाय कित्येक प्रकाशक लेख खुला ठेवण्यासाठी आता लेखकाकडूनच शुल्क घेतात, म्हणजे वर्गणी वाचली तरी खर्च टळत नाही. मला भरवसा वाटतो तो आपल्याच संग्रहाचा : दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांच्या लेखांसाठी स्वतःचे डिजिटल भांडार उभारले आहे. प्राध्यापकांकडून लेखाची स्वीकृत प्रत, म्हणजे प्रकाशकाने छपाईआधी मान्य केलेला मसुदा, मागून घेणे आणि प्रकाशकाच्या अटी तपासून ती आपल्या अशा भांडारात ठेवणे, हे काम ग्रंथपालाशिवाय कोण करणार?

ग्रंथपाल, फोंडा
करार कार्यालयातून मागवला. चौथ्या पानावर, बारीक टायपात, ‘वर्गणीच्या मुदतीपुरता प्रवेश’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि महाविद्यालयातर्फे त्याखाली सही माझीच आहे.