जुन्या गाडीवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एक सेकंडहँड गाडी जवळजवळ पक्की केली आहे. पाच वर्षं जुनी, पेट्रोल, टर्बो इंजिन, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, रनिंग साधारण ७० हजार किलोमीटर. कंपनीची मूळ वॉरंटी संपलेली आहे. विक्रेता दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून मागे लागला आहे. आत्ताच घ्या, गाडी एकदा ताब्यात घेतली की मिळणार नाही, असं तो सांगतो. रक्कम थोडीथोडकी नाही. पण आईला उपचारांसाठी नियमित न्यावं लागतं, त्यामुळे मोठं काम निघालं आणि त्या वेळी हातात पैसे नसले तर गाडी उभी राहील, ही भीतीही खरी आहे.

माहितीपत्रकावर न थांबता कराराचा पूर्ण मसुदा मागून घेतला आणि वाचून काढला. त्यानंतर गोंधळ वाढलाच आहे.

ही वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची नाही, तिसऱ्याच कंपनीची आहे. विक्रेता फक्त विकून मोकळा. माहितीपत्रकावर ठळक अक्षरात ‘इंजिन व गिअरबॉक्स कव्हर’ असं आहे, पण आत भागांची यादी दिली आहे आणि यादीत नाव नसलेला भाग कव्हर होत नाही. क्रँकशाफ्ट, पिस्टन, कॅमशाफ्ट, ऑइल पंप, गिअरबॉक्समधले गिअर आणि शाफ्ट हे सगळं यादीत आहे. नीट सर्व्हिसिंग झालेल्या गाडीत हे भाग एवढ्या रनिंगला सहसा जात नाहीत. मला धास्ती आहे ती क्लच पॅक, मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा गिअरबॉक्समधला कंट्रोल भाग), टर्बो आणि इंजेक्टरची. त्यातला फक्त टर्बो यादीत सापडला. क्लच ‘झिजणारा भाग’ म्हणून सरळ वगळला आहे. मेकॅट्रॉनिकचा आणि इंजेक्टरचा उल्लेखच नाही.

शिवाय काम सुरू करण्याआधी त्यांची मंजुरी हवी. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय नेमकं काय बिघडलंय ते कळणार नाही, आणि उघडण्याची मजुरी आपली. क्लेम मंजूर झाला तरच ती परत.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका अटीची: सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झाल्याचा पुरावा हवा. पहिल्या मालकाच्या फाइलमध्ये एका सर्व्हिसचं बिल नाही. उद्या या एका कागदासाठी क्लेम फेटाळला जाऊ शकतो का? ज्यांनी प्रत्यक्ष क्लेम केला आहे त्यांनी कृपया सांगावं. आणि हेच पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवणं जास्त शहाणपणाचं आहे का?

प्रतिसाद १

वॉरंटीच्या किमतीत संभाव्य दुरुस्त्यांचा खर्च असतोच, वर विक्रेत्याचं कमिशन, कार्यालयीन खर्च आणि कंपनीचा नफा. म्हणजे सगळे ग्राहक एकत्र धरले तर भरलेल्या पैशांपेक्षा कमीच परत येतात. त्यामुळे ‘फायदा होईल का’ यापेक्षा ‘एकच मोठी दुरुस्ती अचानक आली तर मला झेपेल का’ हे विचारा. झेपत असेल तर पैसे वेगळ्या खात्यात टाका, काही बिघडलं नाही तर ते तुमचेच राहतील. झेपत नसेल तर वॉरंटीला अर्थ आहे, पण मग ती मोठी दुरुस्ती तिच्यात बसायला हवी. तुमच्या गाडीत सगळ्यात महाग पडू शकणारी गोष्टच यादीबाहेर आहे, म्हणून ही योजना मी तरी घेणार नाही. वगळलेल्या भागांची यादी देऊन बाकी सगळं कव्हर करणारी योजना मिळते का ते विचारा. ती महाग असते, पण वाद कमी होतात.

प्रतिसाद २

माझं काम गॅरेजचं, त्यामुळे आधी गाडीबद्दल. वॉरंटीचं ठरवण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. नुसते फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) बघून भागत नाही. कोड नुकतेच पुसले असतील तर स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसतात, ते आवर्जून बघायला सांगा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन थंड असतानाच चालू करा. चढावर अगदी हळू सरकवा. क्लच झिजत आला असेल तर तिथे थरथर जाणवते. ड्युअल क्लच ओला (ऑइलमध्ये बुडालेला) असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल ठरलेल्या अंतराने बदलावं लागतं, अनेक गाड्यांत ते ६० हजार किलोमीटरच्या आसपास असतं. तुमच्या फाइलमध्ये ते बिल आहे का? हरवलेलं बिल हेच असेल तर गाडीचा भाव पाडून घ्या किंवा गाडीच सोडा.

तपासणीचा अहवाल तारीख आणि रनिंगसकट लेखी घ्या. ‘दोष आधीपासून होता’ असं सांगून क्लेम नाकारला जातो, तेव्हा तोच कागद उपयोगी पडतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला झालेली कामं चासी नंबरवरून बहुतेक वेळा निघतात, मालकाच्या संमतीने नोंद मागून बघा.

प्रतिसाद ३

माझा टर्बोचा क्लेम मंजूर झाला होता. सगळी बिलं होती म्हणून. टर्बो आणि मजुरी मिळाली. ऑइल, गॅस्केट, कूलंट माझ्या खिशातून. मंजुरी येईपर्यंत गाडी उभी होती, त्या काळात भाड्याच्या गाडीचा खर्चही मिळाला नाही. आईंच्या उपचारांसाठी न्यायचं असेल तर हे लक्षात घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गिअरबॉक्स ऑइलचं बिल फाइलमध्ये आहे, नाही ते त्याआधीच्या सर्व्हिसचं, म्हणून जरा हायसं वाटलं. मालकाकडून संमती घेऊन नोंद मागवली आहे. तपासणी गाडी ताब्यात घेण्याआधीच करणार. मेकॅट्रॉनिक कव्हर आहे की नाही, हे वॉरंटी कंपनीला ईमेलने विचारलं आहे. उत्तर लेखी आलं नाही तर वॉरंटी घेणार नाही.

अजून एक अडचण. करारात सुरुवातीचे ३० दिवस क्लेम करता येत नाही. तेवढ्या काळात मोठा बिघाड निघाला तर दुरुस्ती विक्रेत्याने करून द्यावी, असं खरेदीच्या कागदावर कुणी लिहून घेतलं आहे का? नेमके शब्द काय वापरले होते?