पगार वाढलाय पण २३ तारखेला खातं परत तळाला, कुठे चुकतंय?

सांजसकाळ
बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज शेवटी लिहायला घेतलं. मी एकटी पालक आहे, लेक ९ वर्षांची. घटस्फोटाला पाच वर्षं झाली, तिच्या वडलांकडून पैसे कधी येतात कधी नाही म्हणून मी ते हिशोबात धरतच नाही, आले तर आले. तर झालं असं की दोन वर्षं पगार जागचा हलला नव्हता आणि चार महिन्यांपूर्वी प्रमोशन होऊन एकदम १८ टक्के वाढ मिळाली, टॅक्स वगैरे जाऊन हातात १५ टक्केच जास्त पडतात पण माझ्यासाठी तेही खूप होतं. त्या रात्री वहीत लिहून काढलं होतं मी, यातले निम्मे मागे टाकायचे, कार्डाचं फेडायचं, लेकीच्या नावाने काहीतरी सुरू करायचं.

आणि आज २३ तारीख, खात्यात बघितलं तर वाढीच्या आधी २३ ला जेवढे उरायचे तेवढेच उरलेत. खरंच कळत नाहीये गेले कुठे. दागिने घेतले नाहीत, फिरायला गेलो नाही. लेकीला बूट घेतले, जुन्यातून अंगठा बाहेर यायला लागला होता. दप्तराची चेन सहा महिने सेफ्टी पिन लावून चालवली ते दप्तर बदललं, वॉशिंग मशीन दुरुस्त केलं. ही काय उधळपट्टी झाली का? आणि कशाला नाही म्हटलं की ती म्हणते "पण आई तुझा पगार वाढलाय ना", मीच हौसेने सांगितलं होतं, आता भोगतेय.

विचारायचं ते असं, क्रेडिट कार्डाचं थकलंय, दर महिन्याला मिनिमम भरतेय, ते आधी संपवू की बचत आधी? आणि ऑफिसातली एक म्हणाली तू वरच्या स्लॅबमध्ये गेलीस, आता वाढ सगळी टॅक्सातच जाणार. खरंय का हे? प्लीज ओरडू नका, आधीच स्वतःवर चिडलेय.

हिशोबी
ओरडायचं कशाला, आधी आकडा तर बघू. दोन वर्षं पगार हलला नाही म्हणतेस ना, महागाई वर्षाला ६ टक्के धर. जे दोन वर्षांपूर्वी १०० मध्ये यायचं त्याला आज ११२ च्या वर लागतात. तुझ्या हातात आले ११५. म्हणजे खरी वाढ सव्वादोन-अडीच टक्के झाली, बाकीचे मागची उसनवारी फेडण्यातच गेले. बूट आणि दप्तर त्यातच आलं, दोन वर्षं पुढे ढकललेले खर्च पगार वाढला की एकदम दारात येऊन उभे राहतात. त्याला उधळपट्टी म्हणत नाहीत.

टॅक्सचं तुझ्या मैत्रिणीने अर्धवट ऐकलंय. वरचा दर पूर्ण पगाराला लागत नाही, स्लॅबची रेघ ओलांडून जेवढा पगार वर गेला तेवढ्याच तुकड्याला लागतो, त्यामुळे निव्वळ स्लॅब बदलला म्हणून हातात आधीपेक्षा कमी आले असं सहसा होत नाही. बघायचं ते वेगळंच. फीमाफी, स्कॉलरशिप, सरकारी मदत असलं काही मिळत असेल आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा असेल तर ते मात्र वाढीमुळे एका झटक्यात बंद होऊ शकतं. ते तपास.

वहीवाली
हिशोबी बरोबर बोलतोय पण मी थोडं कडू बोलणार, राग मानू नकोस, कारण मी हेच सगळं करून बसलेय. बूट एकदाच घेतलेस, दप्तर एकदाच, मशीन एकदाच. मग चौथ्या महिन्यात पैसे उरायला हवे होते ना? नाही उरले म्हणजे दर महिन्याला जाणारं काहीतरी नवीन लागलंय मागे. माझ्या बाबतीत तसंच होतं. चार महिन्यांचं स्टेटमेंट प्रिंट काढ, मोबाईलवर बघू नकोस, त्यात आपण भराभर वर सरकवतो. दोन रंगाची पेनं घे, एकदाचा खर्च निळा, दर महिन्याचा लाल. मी केलं तेव्हा पान लालभडक झालं होतं, एकेक रक्कम इतकी बारकी की घेताना "एवढ्याने काय होतंय" म्हटलेलं आणि सगळ्या मिळून वाढीच्या वर गेलेल्या. आणि खरं सांगू, त्यातले अर्धे माझ्या अपराधीपणाचे होते, ऑफिसमुळे पोराला वेळ देता येत नाही ना, मग दे क्लास, दे खेळणं.

कार्डाबद्दल. नुसतं मिनिमम भरून थांबणं बंद, त्याच्या वर भरायचं. महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ वाटतं पण व्याजावर व्याज चढून ते ४२ च्या वर जातं, एवढा परतावा देणारी बचत कुठे असते सांग. पण सगळे पैसे कार्डावरही ओतू नकोस, नाहीतर मशीन परत बिघडलं की परत कार्डच घासणार. मी आधी एक महिन्याचा खर्च वेगळ्या खात्यात टाकला, ज्याचं कार्डच घेतलं नाही, मग कार्डाचं सगळं झटकून टाकलं आणि मग त्या खात्याला ६ महिन्यांच्या खर्चापर्यंत नेलं. मला दीड वर्ष लागलं, रोज वाटायचं होतच नाहीये.

आणि उरलेले मागे टाकायचे हे डोक्यातून काढ, उरत नसतात. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी आपोआप ट्रान्सफर लाव, पुढच्या वाढीला तर पहिल्या महिन्यापासूनच, हातात यायच्या आधी गेलेले पैसे आठवत पण नाहीत. कामाला बाई लावली असशील तर ते आधी बंद कर.

दोन_पोरांचा_बाबा
वहीवाली ताईंशी बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. ज्या घरात मोठं माणूस एकच आहे तिथे मदत ही चैन नाही हो. बायको गेल्यावर मी पहिल्या वर्षी सगळं स्वतः करायला गेलो, पैसे वाचवले, आणि दोन वेळा घाईत पोरांना आणताना उशीर, एकदा स्वतः आजारी, मग बिनपगारी रजा. वाचवलेले सगळे त्यात गेले. संध्याकाळचे दोन तास कोणीतरी घरी असणं हा माझ्यासाठी नोकरी टिकवण्याचा खर्च आहे, तो मी बाकी सगळं कापून चालू ठेवतो.

ताई, तुमचा पगार वाढला पण घरात कमावणारी माणसं वाढली नाहीत. दोघं कमावते असतात तिथे एकाची नोकरी गेली तर घर लंगडतं, आपल्याकडे बंदच पडतं. म्हणून लोक ३ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणतात तिथे आपण ६ च्या खाली बोलायचंच नाही. दुसरं म्हणजे टर्म इन्शुरन्स, म्हणजे आपल्याला काही झालं तर घरच्यांना पैसे देणारा विमा, साधा, पैसे परत मिळणारा वगैरे नको, तो महाग पडतो आणि त्यात कव्हर बारीक मिळतं. ऑफिसचा विमा आहे म्हणून गप्प बसू नका, नोकरी गेली की बहुतेक वेळा तोही जातो. तिसरं, नॉमिनी, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाकडे जावेत ते नाव. लेक अजून सज्ञान नाही, नुसतं तिचं नाव घालून काम होत नाही, तिच्या वतीने पैसे सांभाळणारं मोठं माणूस कोण ते लिहावं लागतं, आणि त्या माणसाला आधी विचारा. मी मेहुणीला विचारलं तेव्हा ती रडलीच, पण हो म्हणाली.

कॉलेजचं म्हणाल तर फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत गेली तर ९ वर्षांत दुप्पट होते, आणि तुमची लेक बरोबर ९ वर्षांनी १८ ची. म्हणजे सुरू करायचंय, पण कार्ड आणि विम्याच्या नंतर.

गप्पिष्ट
"पगार वाढलाय ना" वर आमच्याकडचा उपाय: पोराला महिन्याची ठरावीक रक्कम हातात दिली, पेन-पेन्सिल-वाढदिवसाची गिफ्ट सगळं त्यातच. पहिल्या महिन्यात ५ तारखेला कफल्लक झाला होता, आता माझ्यापेक्षा चिकट आहे :)

सांजसकाळ
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री लेक झोपल्यावर करणार होते पण ती जागीच राहिली आणि लाल पेन तिनेच धरलं. सव्वादोन टक्के वाचून आधी हसूच आलं, मग जरा हलकं वाटलं. पण वहीवालीचं पण खरंच निघालं. तीन क्लास, दोन ॲप ज्यांचा फ्री महिना संपून पैसे कापायला लागलेत, आणि उशीर झाला की बाहेरून मागवलेलं जेवण, जे मी "कधीतरी" समजत होते ते महिन्यात ११ वेळा. स्केटिंगच्या रकमेवर ती थांबली आणि म्हणाली, मला स्केटिंग नाही आवडत, तुला आवडतं म्हणून जाते. मी काय बोलणार त्यावर. मला वाटत होतं मी तिच्यासाठी ऑफिसातून धावत सुटते.

संध्याकाळची मदत चालू ठेवतेय, बाबा म्हणाले ते पटलं. कार्डाचं साधारण सात महिन्यांत संपेल असं दिसतंय, आपोआप ट्रान्सफर १ तारखेपासून लावलं.

आणि नॉमिनीचं वाचून आज ऑफिसात कागद काढायला लावले. विम्यावर अजून लेकीच्या वडलांचंच नाव आहे. पाच वर्षं झाली, मी एकदाही बघितलं नाही. फॉर्म आणलाय, बहिणीशी बोलून उद्या देते.

दोन_पोरांचा_बाबा
दिलात की पोच घ्या, तारखेसकट. आणि बँकेतलं आणि पीएफचं पण बघा, तिथेही तेच असणार.