इनलाइनवरून बर्फावर: घोडं अडतं ते थांबण्यावर

आइस हॉकीवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की वाशी-नेरुळची मुलं इनलाइन हॉकीत (एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवरच्या हॉकीत) तरबेज आहेत, तेव्हा दहावी झाल्यावर बर्फावर उतरवली तरी चालेल. वेग आणि स्टिकवरचा हात कामी येतो हे खरं, पण थांबणं नव्यानेच शिकावं लागतं. चाक आडवं सहज घसरत नाही. बर्फावर गुडघे वाकवून क्षणभर अंगाचा भार हलका करायचा, स्केट्सची दोन्ही पाती आडवी फिरवायची आणि मग पुन्हा भार द्यायचा. बर्फाचा चुरा उडाला की जमलं. भार हलका न करता पातं वळवलं तर कड रुतते आणि मूल खांद्यावर आपटतं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या निवडीसाठी मुलं अठराव्या वर्षीच पात्र ठरतात. त्या मानाने सोळाव्या वर्षी कडांशी ओळख म्हणजे फारच उशीर. आठव्या-नवव्या वर्षापासून सुट्टीत तरी बर्फ मिळायला हवा.

पात्यांच्या धारेबद्दल या चर्चेत कुणीच लिहिलं नाही. पात्याच्या तळाला मधोमध खोबण असते, तिची त्रिज्या धार लावणाऱ्याला सांगावी लागते. साधारण 1/2 इंच ठेवतात. थांबणं शिकताना 5/8 बरी; त्रिज्या मोठी तशी खोबण उथळ, म्हणून कड कमी रुतते. अगदी हलक्या अंगाच्या मुलाला मात्र त्याहून उथळ नको, पकडच मिळत नाही. आणि आपल्या दमट हवेत पाती कोरडी पुसून कापडी कव्हरात ठेवा. प्लास्टिकच्या गार्डात ओल कोंडते, कडेवर गंज चढतो आणि लावलेली धार वाया जाते.